दोन हंगामांत ट्रॉलीचा तळ सडतोय? रंगाचा डबा उघडण्याआधी हे तपासा

साखर कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की पंधरा दिवसांत आमच्या शेडपुढं उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात फॅब्रिकेशनचं काम करतोय त्याला एकवीस वर्षं झाली. उन्हाळ्यातली निम्मी कामं एकाच जातीची: हौद्याचा (माल भरायच्या खोक्याचा) तळ सडलाय, पत्रा बदला. मालकाचं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं. "काय ओ मिस्त्री, पत्रा हलका घातलायसा व्हय?"

पत्रा हलका नसतो. तीन मिलिमीटरचाच असतो, आणि त्याच जाडीचा, त्याच दुकानातून आणलेला पत्रा शेजारच्या गावात दहा वर्षं टिकलेला मी पाहिलाय. फरक असतो तो पाणी कुठं अडतं आणि किती दिवस अडतं एवढ्याचाच. रंग ही नंतरची गोष्ट. पाण्याला वाट न देता वरून रंग मारला तर गंज त्याच रंगाच्या आडोशाला वाढतो, आणि पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा माझ्याकडं येता. मला कामाला तोटा नाही, पण तेच ते काम करायचाही कंटाळा येतो, म्हणून लिहितोय.

लक्षणं

यातली दोन-तीन दिसली तर पुढचं वाचा.

- रंगाला फोड येतात, नखानं उचकटलं की पापडासारखा पोपडा निघतो.
- पत्रा आणि त्याखालच्या आडव्या चॅनलच्या (लोखंडी तुळईच्या) सांध्यातून तांबूस ओघळ खाली आलेले असतात.
- तळाचा पत्रा चॅनलच्या ओळीवर फुगून वर आलेला असतो, पाय ठेवला तर कुरकुरतो.
- फाळक्याची (हौद्याच्या उघडणाऱ्या दाराची) खालची कड जाळीसारखी झालेली असते, बिजागर हातोडीशिवाय हलत नाही.
- ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटतो, किंवा सगळेच दिवे मिणमिणतात.
- ट्रॅक्टरला जोडायच्या पुढच्या दांडीच्या वेल्डजवळ केसाएवढी तांबूस रेघ दिसते.

शेवटचं लक्षण दिसलं तर मधलं सगळं सोडा आणि थेट "इथं थांबा" हा भाग वाचा. तोवर ट्रॉली ओढू नका.

फुकटात होणारी तपासणी

सगळ्यात आधी स्वतःला विचारा, ऊस संपल्यावर ट्रॉलीतून काय काय वाहिलं? उसाचा रस तळाच्या कोपऱ्यात साचतो, पाचटाचा चुरा त्यात भिजतो, आंबतो, आणि आंबला की त्याचं आम्ल होतं. ते नुसत्या पाण्यापेक्षा लोखंडाला लवकर खातं. तरीही उसापेक्षा खत वाईट. विशेषतः पोटॅश. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, आपल्या खायच्या मिठाचं सख्खं भावंड. फाटक्या पोत्यातून ते सांडतं, फटीत जातं आणि दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. पाऊस नसला तरी ती जागा ओलीच राहते. शेणखताचंही तेच, ओल धरून बसतं. माझ्याकडं आलेल्या सगळ्यात खराब ट्रॉल्या ऊस ओढणाऱ्या नव्हत्या. हंगामानंतर खत टाकून पावसाळाभर तशाच उभ्या केलेल्या होत्या.

म्हणून पहिला उपाय झाडू आणि पाणी. खत उतरलं त्याच दिवशी कोपरे खरवडून झाडायचे आणि धुवायचे. पाणी कुठलं ते मात्र बघा. आमच्याकडं नदीकाठी क्षारपड जमिनी आहेत, तिथल्या काही बोअरचं पाणी इतकं खारं असतं की ट्रॉली वाळल्यावर पत्र्यावर पांढरे डाग उमटतात. तसल्या पाण्यानं धुणं म्हणजे मीठ लावून ठेवणं. शेवटचा हात तरी गोड्या पाण्याचा मारा. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पाइप असेल तर हौद्यात खुशाल चालवा, पण चाकाच्या हबवर जवळून मारू नका. सीलमधून पाणी आत जातं, ग्रीस पांढरट होतं आणि बेअरिंग जातं.

दुसरी तपासणी बादलीभर पाण्याची, आणि सगळ्या लेखात एकच गोष्ट करायची असेल तर हीच करा. ट्रॉली नेहमी जिथं जशी उभी करता तिथंच उभी करा. हौद्यात बादलीभर पाणी ओता. दहा मिनिटांनी पाणी कुठं उरलंय ते बघून खडूनं गोल करा. दहातल्या आठ ट्रॉल्यांमध्ये ते गोल पुढच्या दोन कोपऱ्यांत येतात, कारण ट्रॅक्टर सोडल्यावर दांडी खाली टेकते आणि सगळा उतार पुढं होतो. मागच्या फाळक्यातून पाणी निघेल म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि पाणी तर पुढं जाऊन बसलेलं असतं.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे दांडीखाली दगड किंवा लाकडी ठोकळा. दोन चाकांची ट्रॉली असेल तर दांडी एवढी उचलून ठेवा की उतार मागं जाईल. मात्र रिकाम्या ट्रॉलीचा तोल मागं जाऊन ती उलटायला नको, म्हणून चाकांना उटी (अडसर) लावा आणि मागंही टेकू द्या. चारचाकीला हे जमत नाही. तिची पुढची चाकं जरा उंचवट्यावर चढवून उभी करा.

दुसरा उपाय भोकांचा. खडूच्या गोलात, चॅनल टाळून, बारा ते सोळा मिलिमीटरचं भोक. यापेक्षा लहान पाडलं तर पाचटाच्या पहिल्याच काडीनं बुजतं. भोक पाडल्यावर त्याची कड घासून गोल करा आणि उघड्या लोखंडाला लगेच प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) लावा, नाहीतर गंजाची सुरुवात त्या भोकापासूनच होईल. एका गिऱ्हाइकाला मी अशी सहा भोकं पाडून दिली होती. वर्षानं ट्रॉली परत आली तेव्हा सहाही भोकं लांबी (पुट्टी) भरून, वर रंग मारून बंद केलेली. "गहू सांडत होता" म्हणाले. गव्हाच्या दिवसांत भोकावर पोत्याचा तुकडा टाका, दादा.

तिसरी गोष्ट झाकण्याची. पावसाळ्यात प्लॅस्टिकची ताडपत्री हौद्यावर घट्ट आवळून बांधतात. आतली ओल बाहेर जात नाही, रात्री ताडपत्रीला आतून घाम फुटतो आणि तो पत्र्यावर टपकतो. छप्पर नसेल तर मधे बांबू घालून ताडपत्री उंच धरा, दोन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. तेही जमत नसेल तर उघडी ठेवलेली परवडली, फक्त उतार आणि भोकं नीट हवीत. उंच गवतात आणि उकिरड्याशेजारी उभी करू नका. खालून ओल मिळते आणि चॅनलचा खालचा भाग आपण कधी वाकून बघत नाही.

रंग धरलाय का? ब्लेड आणि चिकटपट्टी

रंग चांगला दिसतो आणि रंग लोखंडाला धरून आहे, या दोन वेगळ्या गोष्टी. ब्लेडनं रंगावर चार उभ्या, चार आडव्या रेघा ओढा, लोखंड लागेपर्यंत. वर रुंद चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. चौकटीच्या चौकटी पट्टीला चिकटून आल्या तर वरून कितीही भारी रंग मारा, तो त्या सैल थरावरच बसणार आहे.

पोपड्याच्या खाली काय आहे तेही बघा, कारण उपाय त्यावर ठरतो. खाली तांबडा गंज असेल तर कुणीतरी गंजावरच रेड ऑक्साइड (तांबडं प्रायमर) फासलंय. खाली निळसर काळा, गुळगुळीत थर असेल तर ट्रॉली नवी असतानाच चूक झालीय. रोलिंग मिलमधून आलेल्या चॅनलवर, पत्र्यावर तो काळा थर असतो, त्याला मिल स्केल म्हणतात. दिसायला घट्ट वाटतो, पण उन्हातान्हात आणि दणक्यांनी तो सुटतो आणि रंगाला सोबत घेऊन जातो. नवी ट्रॉली बांधून घेत असाल तर रंगाच्या आधी एक चक्कर मारा आणि तो थर घासून लोखंड पांढरं केलंय का ते बघा. वेल्डवरची खापरी (स्लॅग) ठोकून काढलीय का, हेही त्याच वेळी. एकदा रंग बसला की हे काही दिसत नाही.

आणि ते खंडेनवमीचं. आदल्या दिवशी ट्रॉलीला निळा-लाल इनॅमल मारायचा, फाळक्यावर आईवडिलांचा आशीर्वाद पेंटरकडून झोकात लिहून घ्यायचा, हार घालायचा. पूजेला हरकत नाही. पण त्या दिवसांत पावसाची ओल अजून सांध्यात असते, आणि गंजाच्या तोंडावर रंग मारून आपण तिला आतच कोंडतो. पेंटरच्या अक्षरांना जेवढे पैसे देता तेवढ्यात चांगलं प्रायमर येतं, एवढंच म्हणतो.

अजून एक सवय: चॅसीला जळकं काळं ऑइल फासणं. थोडे दिवस पाणी धरत नाही हे खरं, पण त्यावर धूळ बसून चिखलाचा लेप होतो, रबराचे बुश फुगतात, ब्रेकला लागलं तर वेगळीच आफत. आणि त्या लोखंडावर पुढं कुठलाच रंग नीट धरत नाही. रंगाआधी ते तेल काढण्यात आमचा अर्धा दिवस जातो.

हातोडी आणि चुंबक

अर्धा किलोची हातोडी घ्या आणि तळ, कोपरे, चॅनलची खालची पट्टी ठोकत चला. चांगलं लोखंड खणखणतं. सडलेलं "भद्द" आवाज करतं, आणि हातोडी जराशी आत बसते. खालून ठोकत असाल तर डोळ्यांवर चष्मा हवाच. गंजाचा खपला डोळ्यात गेला तर डॉक्टरकडंच जावं लागतं. जुनी ट्रॉली विकत घेताना खिशात स्पीकरचा चुंबक ठेवा. भोकांत लांबी भरून रंगवलेल्या जागी तो धरत नाही. विकणाऱ्याचा चेहराही त्याच वेळी बघण्यासारखा असतो.

खरा रोग: सांधा

आता मुद्द्याचं. तळाचा पत्रा आडव्या चॅनलवर टाके मारून जोडतात, दोन इंच वेल्ड, सहा इंच मोकळं. मजबुतीला ते पुरतं. पण मोकळ्या सहा इंचात पत्रा आणि चॅनल यांच्यात कागद जाईल एवढी फट राहते. रस, खताचं पाणी त्यात ओढलं जातं आणि ब्रश मात्र तिथं पोचत नाही. गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. फटीत तो तयार झाला की पत्र्याला वर ढकलतो, फट मोठी होते, अजून पाणी जातं. तळ लाटांसारखा फुगलेला दिसतो तो ओझ्यानं नाही, यामुळं. अशा फुगवट्यावर नवा पत्रा टाकणारेही मी पाहिलेत. ते तर सडक्या दातावर टोपी घालण्यासारखं झालं. खालचा गंज चालूच राहतो, ट्रॉलीचं रिकामं वजन वाढतं आणि दोन पत्र्यांमध्ये आणखी एक मोठी फट तयार होते.

फुगवटा नुकता सुरू झाला असेल तर: फटीतला गंज पातळ पट्टीनं खरवडा, हवा मारा, दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या. वरून सांधा सलग वेल्ड करून बंद करा किंवा गाड्यांच्या बॉडीला वापरतात ते पॉलियुरेथेन सीलंट भरा. ओल आत ठेवून सील केलं तर न केलेलं बरं. पत्रा हातोडीला आत बसत असेल तर तेवढा भाग कापून काढायचा, चॅनल उघडा करून साफ करायचा, प्रायमर मारायचा, मग नवा तुकडा. वेल्ड करताना अर्थचा क्लॅम्प वेल्डच्या जवळ, त्याच तुकड्यावर लावा. लांब चाकाच्या बाजूला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगला डाग पडतात. ट्रॅक्टर सोडून बाजूला उभा करा.

पेटीसारखे बंद पाइप वापरलेल्या ट्रॉल्यांचा गंज आतून येतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आमच्या भागातल्या ट्रॉल्या कित्येक दिवस पाण्याखाली होत्या. वरून धुऊन चकचकीत केल्या, पण पाइपात बसलेला गाळ तसाच राहिला. नंतर कापलेल्या एका पाइपातून ओंजळभर काळी माती निघाली आणि पाइपाची भिंत पोस्टकार्डाएवढी उरली होती. अशा पाइपाच्या सगळ्यात खालच्या टोकाला पाणी निघायची वाट हवी. ती कुठं पाडायची हे चांगल्या फॅब्रिकेटरला विचारा. दांडी आणि अ‍ॅक्सलच्या आसपास स्वतः ड्रिल चालवू नका.

रंग, आता

पाडवा ते मृग हा काळ रंगाचा. हवेतली दमटी ८५ टक्क्यांच्या वर गेली की रंगकाम बंद, हा जुना नियम आहे, आणि आपल्याकडं पावसाळ्यात ती बहुतेक दिवस त्याच्या आसपास असते. पहाटे दव पडलेल्या लोखंडावरही मारू नका.

आधी साबणाच्या पाण्यानं तेल काढा, मगच ग्रायंडरला वायर ब्रश लावा. उलट केलं तर ब्रश तेलच सगळीकडं पसरवतो. सैल गंज गेल्यावर खड्ड्यांत जो पातळ, घट्ट गंज उरतो त्याला रस्ट कन्व्हर्टर लावता येतं. त्यात फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं, गंज काळा पडतो आणि रंग धरतो. जाड खपलीवर मात्र ते वरवर काळं करतं आणि आत काही होत नाही. हातमोजे घाला.

पहिला हात ब्रशनं फक्त कडा, वेल्ड आणि बोल्टांवर. धारदार कडेवरून ओला रंग आपोआप मागं सरकतो, म्हणून गंज नेहमी कडेपासून सुरू होतो. कड आधी घासून जरा गोल केली तर आणखी चांगलं. मग पूर्ण प्रायमर, दोन हात, आणि दोन्ही हातांचे रंग वेगळे घ्या, एक तांबडा, एक राखाडी. कुठं सुटलं ते लगेच दिसतं. साध्या रेड ऑक्साइडचा एक हात वाळल्यावर २५-३० मायक्रॉन भरतो, वहीच्या कागदाच्या निम्म्याहूनही कमी. त्यात पेंटरनं थिनर वाढवलं तर काय उरतं याचा हिशेब तुम्हीच करा.

खत वाहणाऱ्या ट्रॉलीला आतून दोन डब्यांचं एपॉक्सी प्रायमर मी सुचवतो. महाग आहे, पण आतून तेच टिकतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या सिंथेटिक इनॅमलवर ते मारलं की खालचा रंग सुरकुततो, म्हणून जुनं सगळं काढावं लागतं. आणि एपॉक्सी उन्हात खडूसारखं पांढुरकं पडतं, त्यामुळं वर पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) किंवा इनॅमलचा हात हवाच. हार्डनर डब्यावर लिहिलंय तेवढंच. जास्त घातल्यानं जास्त कडक होत नाही.

मिणमिणत्या दिव्यांचं काम पाच मिनिटांचं आहे. बहुतेक वेळा दिव्याची अर्थ ट्रॉलीच्या लोखंडातून आणि गंजक्या पिनेतून ट्रॅक्टरला जाते. वेगळी अर्थची वायर सॉकेटपर्यंत ओढा, जोड घासून ग्रीस लावा.

इथं थांबा

हौदा आणि फाळके हे तुमचं किंवा गावच्या वेल्डरचं काम. पुढची दांडी, तिचा डोळा, जोडायची पिन, अ‍ॅक्सल, कमानपाटे (स्प्रिंगचे पाटे), चारचाकीचं पुढचं फिरतं चक्र, यांना गंजानं खाल्लं असेल तर घरच्या मशीनवर टाका मारू नका. चिरेवर नुसता वेल्ड भरला की चीर झाकली जाते, बाजूचं लोखंड तापून कडक होतं आणि भरलेल्या ट्रॉलीच्या दणक्यानं शेजारी तुटतं. मागं दहा टन ऊस आणि पुढं मोटारसायकलवाला असतो. कमानपाट्याला तर वेल्ड चालतच नाही, पाटा बदलायचा. चॅसीच्या उभ्या चॅनलला हातोडीनं भोक पडत असेल किंवा पिनेचं भोक लांबट झालं असेल तर ट्रॉली बांधणाऱ्या कारखान्यात न्या. तो "आता भंगारात घाला" म्हणाला तर ऐका.

पूर्ण ब्लास्टिंग (जोरानं कण मारून लोखंड साफ करणं) करायचं असेल तर शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शॉट ब्लास्टिंगवाल्यांकडं न्या. कॉम्प्रेसर भाड्यानं आणून नदीची वाळू मारू नका. त्या धुळीनं फुप्फुसाचा सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. जस्त चढवून घ्यायचं असेल तर भाग साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. बंद पाइपात हवा किंवा पाणी अडकलेलं असेल तर तिथं स्फोट होतो, म्हणून भोकं कुठं हवीत हे त्यांनाच आधी विचारा. जस्त चढवलेल्या पत्र्यावर वेल्ड करायचं तर मोकळ्या हवेत, वाऱ्याकडं पाठ न करता, वारा बाजूनं येईल असं उभं राहून. धूर नाकात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो.

आणि टिपर ट्रॉली असेल तर हौदा उचलून नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, एक मिनिटासाठीही नाही. जॅकच्या तेलाचा होज फुटला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. आमच्या शेडमध्ये चार इंची पाइपाचे दोन टेकू आहेत, वर खोबण केलेले. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी ते लागल्याशिवाय माझा पोरगा ग्रायंडरची वायर जोडत नाही.